चार वाजेपर्यंत एक वाक्य

मास्तरांना चहा हवा का, असं विचारलं की ते म्हणत, "आमेन."

साखर जास्त झाली का? "आमेन." पाय दुखतोय का, खिडकी लावू का, हा शर्ट घालता की तो? "आमेन." आणि तेही कसं, तर थेट पोटातून, भरदार, देवळातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. पक्षाघाताचा झटका येऊन अडीच महिने झाले होते. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि चाळीस वर्षं ज्या तोंडाने ख्रिस्ती मंडळीच्या गायकवर्गाला धाकात ठेवलं, त्या तोंडात देवाने नेमका एक शब्द शिल्लक ठेवला. मास्तर सध्या ज्या मित्राच्या घरी होते, त्या दादांच्या बायकोचं, वहिनींचं, मत असं, की शब्द निवडताना देवाने या घरातल्या बायकांचा विचार केला असणार. मास्तरांचे बाकीचे शब्द त्यांनी सरावाच्या वेळी ऐकले होते.

एरवी त्या शब्दाने कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण आज शनिवार होता, आणि चार वाजता मास्तरांचा पुतण्या येऊन विचारणार होता, "काका, माझ्याबरोबर येता ना?"

"आणि ते काय म्हणतील हे आपल्याला माहीतच आहे," वहिनींची सून म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती आणि वाईट बातमी अर्धवट सांगायची तिला सवय नव्हती.

पुतण्या वाईट माणूस नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट असता तर दादांनी त्याला दारातूनच परत पाठवला असता आणि वर त्याच्यासाठी प्रार्थनाही केली असती. पण तो होता सरळ, हिशेबी, नाकासमोर चालणारा. त्याने दूरच्या आपल्या गावी एक चांगलं शुश्रूषागृह पाहून ठेवलं होतं. तिथे बाग होती, चोवीस तास डॉक्टर होते, जिने नव्हते. फोनवर तो दादांना म्हणाला होता, "तुम्ही केलंत ते आमच्या रक्ताच्या माणसांनीही केलं नसतं. पण किती दिवस कराल? काका स्वतः म्हणाले की मला इथंच राहायचंय, तर मी तिथल्या प्रवेशाचे कागद फाडून टाकतो. मात्र त्यांनी म्हणायला हवं. तुम्ही नाही."

यावर दादांनी शनिवारी चारची वेळ दिली आणि फोन ठेवला. दादा म्हणजे मंडळीचे वडील, देवळातले पंच, आणि मास्तरांचे शाळेपासूनचे मित्र.

मास्तर राहत होते ती जागाही राहण्याची नव्हती. दादांच्या घराचा तळमजला म्हणजे ऑर्गन दुरुस्तीचं दुकान. त्याची पुढची खोली तयार झालेले ऑर्गन मांडून ठेवायची. मास्तरांचं स्वतःचं बिऱ्हाड दुसरीकडे, तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा इस्पितळातून सुटल्यावर दादांनी कोणाला न विचारता त्यांना इथे आणलं. आणलं तेही दुकानाच्या गाडीतून, ऑर्गन आणतात तसंच: दोन्ही बाजूंनी फेल्टच्या जाड पट्ट्या लावून, पट्ट्याने आवळून, उजवीकडे कलू नये म्हणून मध्ये उशी खोचून. वर "नाजूक माल" लिहिलेलं कापड घालायचीही दादांच्या हाताला सवय होती, म्हणून तेही घातलं गेलं. रस्त्यावरच्या लोकांनी ते वाचलं. मास्तरांनीही वाचलं, आणि त्यांना पहिल्यांदा हसू आलं.

"पक्षाघाती मित्राला येशूपुढे न्यायला छप्पर उघडून खाली सोडणारे चौघे होते शास्त्रात," दादा त्या दिवशी डोळे पुसत म्हणाले होते. "आपण निदान दार तरी उघडू."

"त्या चौघांनी छप्पर नंतर दुरुस्त केलं का, ते नाही लिहिलेलं," आत्या म्हणाली होती. "ते ज्याच्या घराचं होतं त्याच्याच गळ्यात पडलं असणार."

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, देवळात बाक सोडला नाही, दुकानात भात्याचं काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. ऑर्गनच्या भात्याला चामडं चढवावं तर आत्यानेच. सरस किती गरम, चामडं किती ताणायचं, हे तिच्या बोटांना ठाऊक. भात्याची गळती ती कानाने नव्हे, गालाने ओळखायची. गाल टेकवायचा आणि हवेची बारीक झुळूक कुठे लागते ते बघायचं. कानाचा तिला तसा उपयोगच नव्हता. सुरांच्या घरात जन्मली, सुरांवर जेवली, पण सूर म्हणून काही असतो हे तिला आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून मान्य करावं लागलं.

आणि ते तिला पहिल्यांदा सांगितलं मास्तरांनी. एकतीस वर्षांपूर्वी, बिशप येणार होते त्या आधीच्या सरावात, सगळ्या गायकवर्गासमोर. डाव्या हाताने गाणं थांबवून ते म्हणाले, "तू तोंड उघड. छान उघडतेस. फक्त त्यातून आवाज काढू नकोस." सगळे हसले. दादाही हसले, आणि ते तिने दादांना माफ केलं, कारण दादांचं हसू त्यांच्या ताब्यात कधीच नव्हतं. मास्तरांना माफ केलं नाही. त्या रविवारपासून ती प्रत्येक उपासनेला पहिल्या बाकावर उभी राहून प्रत्येक गीताचे सगळे शब्द ओठांनी म्हणायची, आणि घशातून इवलासाही आवाज बाहेर येऊ द्यायची नाही.

शत्रूवर प्रीती करायची हे आत्याला तत्त्व म्हणून मान्य होतं. पण शत्रू काही अंतरावर असावा अशी तिची कल्पना होती. तो पुढच्या खोलीत, तिने भरवलेलं सूप पीत, अशी नव्हती. कारण भरवायला दुसरं होतं कोण? सून ड्यूटीवर, वहिनी दुकानाच्या काउंटरवर, दादा प्रार्थनेत. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी सूप थुंकलं आणि डावा हात हलवला, अगदी त्या सरावात हलवला होता तसाच. आत्याने वाटी खाली ठेवली, आत गेली, दुकानाच्या कोऱ्या बिलाच्या पाठीवर पुतण्याला पत्र लिहिलं, "तुमच्या काकांना घेऊन जावे, इथे कोणालाही झेपत नाही," आणि राग उतरायच्या आत पेटीत टाकून आली.

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पत्र वाटेत हरवावं म्हणून तिने नंतर किती प्रार्थना केली! पण टपालखातं एवढं प्रामाणिक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

कारण मधल्या दोन महिन्यांत भलतंच झालं. सून म्हणाली, डाव्या हाताला काम हवं. म्हणून आत्याने चामड्याची पट्टी त्यांच्या डाव्या हातात दिली, "धरा." मास्तरांनी धरली. तिने सरस लावला, त्यांनी ताण दिला. पहिल्या आठवड्यात पट्टी वाकडी बसायची, तिसऱ्या आठवड्यात सरळ बसायला लागली. सकाळी दहा ते बारा दोघं भाता करत बसत, एक अक्षर न बोलता, मधूनमधून नुसतं "आमेन." आणि एके दिवशी सूप ढवळताना आत्याच्या लक्षात आलं, की आपण आज रागावलेलो नाही. तिला ते मुळीच आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही राग आला नाही, तिसऱ्याही दिवशी आला नाही, आणि आता तो माणूस गेला तर पट्टी कोण धरणार, हा विचार तिला सरस तापवताना रोज येऊ लागला.

---

मास्तरांना गाता येतं हा शोध सुनेचा. बोलणं मेंदूच्या ज्या भागातून येतं तिथे मार बसला होता, पण गाणं बरंचसं दुसरीकडून येतं, असं ती म्हणाली. आणि खरंच, दादांनी ऑर्गनवर ओळखीचं गीत धरलं की मास्तर चारही कडवी खणखणीत म्हणत, शब्दासकट. संपलं की पुन्हा "आमेन."

मग दादांच्या अंगात संचारलं. त्यांनी एका पुठ्ठ्यावर तक्ता केला आणि ऑर्गनच्या डोक्यावर टांगला. पाण्यासाठी स्तुतीची चाल, चहासाठी सकाळच्या उपासनेची, दुखतंय हे सांगायला पश्चात्तापाची. मास्तरांनी ती चाल धरायची, घरच्यांनी ओळखायची. संडासला जायचं असेल तर कोणती, यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी दानार्पणाच्या गीताची ठरली, कारण तिला घाई नसते, असं दादा म्हणाले.

पहिल्याच रविवारी मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून देवळात नेलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दानाच्या थैल्या फिरू लागल्या आणि साडेतीनशे माणसांनी दानार्पणाचं गीत धरलं. मास्तर मन लावून गाऊ लागले. दादांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी सुनेकडे, आणि पुढच्या क्षणाला तिघं उठून खुर्ची ढकलत मधल्या वाटेने धावत सुटली. मास्तर "आमेन! आमेन!" म्हणून ओरडत होते, ते कोणी मनावर घेतलं नाही. पाळकसाहेबांना वाटलं मास्तरांचं काही बरंवाईट झालं. त्यांनी उपासना थांबवून सगळ्यांना गुडघे टेकायला लावले. मागच्या दाराशी, संडासच्या उंबऱ्यावर, मास्तर लाल चेहऱ्याने बसून होते आणि आतमध्ये मंडळी त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होती.

त्यानंतर तक्ता उतरवला. पण सुनेचं म्हणणं कायम होतं: त्यांना वाक्य बोलता येणार नाही, पण गाता येईल. म्हणून आठ दिवस घरात एकच वाक्य घुमत होतं. मला इथंच राहायचंय. दादांनी त्याला साधीशी चाल लावली, शेवटच्या शब्दावर एक चढ ठेवला, आणि सगळे मास्तरांसमोर उभे राहून गाऊ लागले.

आज तीन वाजता शेवटचा सराव होता.

"तीन आवाजात करू," वहिनी म्हणाल्या. "एकट्या चालीत जीव नाही." पहिल्या महिन्यात दुकानाची पुढची खोली अडली म्हणून भांडी आपटणाऱ्या वहिनी आता मास्तरांच्या बाजूने सगळ्यांत पुढे होत्या. पुतण्याने फोनवर "तुमच्या घरात सोय नाही" असं म्हटलं, ते त्यांनी ऐकलं होतं. घराला कमी लेखलं की वहिनी कोणाच्याही बाजूने लढायला तयार होत.

"आई, तीन आवाज ऐकून ते नुसते खूश होतात," सून म्हणाली. "आपण गायचं आणि मध्येच सोडायचं. मग ते पुढचं घेतील."

"मध्येच सोडायचं?" दादांना हे पटेना. "गाणं मध्येच सोडलं तर हा मला जन्मात क्षमा करणार नाही."

गायले. दादा, वहिनी, सून, तिघांचे आवाज पाण्यात पाणी मिळावं तसे मिळाले. मास्तरांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर एवढं समाधान, की बघणाऱ्याने त्यांना तसंच स्वर्गात पाठवलं असतं. शेवटच्या चढावर सुनेने हाताने खूण केली, तिघंही थांबली. मास्तरांनी डोळे उघडले, तिघांकडे कौतुकाने पाहिलं, आणि म्हणाले, "आमेन."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

"वन्सं, तुम्ही नुसत्या उभ्या काय?" त्या आत्याकडे वळल्या. "तुम्हीही म्हणा की. जेवढे आवाज तेवढं बळ."

"मी नाही म्हणत," आत्या म्हणाली. "मला सांगितलंय, नाही म्हणायचं." आणि ती मास्तरांच्या पायावरची शाल नीट करायला वाकली. मास्तरांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना सगळं कळत होतं. डॉक्टरांनी तसं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

---

पुतण्या बरोबर चारला आला. त्याच्या हातात कागदांची पिशवी होती आणि काकांसाठी नवे मऊ बूट. बूट त्याने स्वतः गुडघ्यावर बसून घालून दिले. आत्याला वाटलं, हा थोडा तरी उर्मट असता तर किती बरं झालं असतं.

"काका, कसे आहात?" तो मोठ्याने म्हणाला. ज्यांना बोलता येत नाही त्यांना ऐकूही येत नाही, असा त्याचा समज होता.

"आमेन," मास्तर तेवढ्याच मोठ्याने म्हणाले.

"माझ्याबरोबर यायचं ना?"

मास्तरांच्या कपाळावर शीर उभी राहिली. जबडा हलला. दादांनी आपल्या मुठी आवळल्या, वहिनींनी डोळे मिटले. मास्तरांनी श्वास घेतला, मानेपासून लाल झाले, आणि त्यांच्या तोंडून तोच एक शब्द बाहेर पडला.

"झालं," पुतण्या हळू आवाजात म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता. त्याने पेन काढलं.

"थांबा, त्याचं ते उत्तर नाही," दादा पुढे झाले. "तो सगळ्यालाच तसं म्हणतो. तुम्ही विचारा, आज पृथ्वी सपाट आहे का!"

"मग त्यांचं उत्तर कोणतं, हे तुम्ही ठरवणार का, दादा? तुमचं त्यांच्यावर प्रेम आहे. पण तुमच्याच घरातून मला कळवलंय, की कोणाला झेपत नाही." आणि त्याने पिशवीतून पत्र काढलं. बिलाच्या पाठीवरचं.

दादांनी ते घेतलं. अक्षर ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, कारण पन्नास वर्षांत घरात काही बिनसलं की आधी तिकडे बघायची पद्धत होती. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मी लिहिलं असतं तर शुद्ध लिहिलं असतं."

"मी लिहिलं," आत्या म्हणाली.

सुनेने मास्तरांच्या खुर्चीचा दांडा धरला. दादांचा चेहरा असा झाला, की आत्याला त्यांच्याकडे बघवेना.

"रागात लिहिलं. मी तेव्हा रागावले होते. आता नाही." आत्याचा आवाज चिरकला. "तिसऱ्या दिवशी लिहिलं, आणि दहाव्या दिवसापासून पस्तावतेय. पण सांगितलं नाही कोणाला, कारण मी भित्री आहे. देवाला सांगितलं. त्याने काही केलं नाही."

"असू दे. प्रार्थना करू," दादा म्हणाले. संकट आलं की त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, आणि पुतण्याने सभ्यपणे पेन खाली ठेवून मान झुकवली. दादांची प्रार्थना सुरू झाली की ती कुठे थांबेल हे त्यांनाही ठाऊक नसे. ती पृथ्वीच्या उत्पत्तीपासून निघून हळूहळू खाली येऊ लागली.

आत्याने डोळे मिटले नाहीत, म्हणून तिला दिसलं. मास्तरांचा डावा हात तिच्या बाहीशी आला आणि बाही घट्ट धरली, भात्याची पट्टी धरायचे तशी, दोन बोटं खाली, अंगठा वर. ते रडत होते. तो करारी, खडूस, एकतीस वर्षं तिच्या मनात ठाण मांडून बसलेला माणूस तिच्याकडे बघत होता आणि त्याला भयंकर भीती वाटत होती.

"घाबरू नकोस रे," ती म्हणाली. आणि तिने गायला सुरुवात केली.

तो आवाज कसा होता हे त्या खोलीतल्या कोणीही पुढे कधी नीट सांगितलं नाही. दादांची प्रार्थना जागच्या जागी थांबली. मला इथंच राहायचंय. पहिला सूर ऑर्गनच्या कुठल्याच पट्टीवर नव्हता, दुसरा त्याच्याशी भांडून निघाला होता, आणि शेवटच्या चढावर तर आत्या चढण्याऐवजी दाणकन खाली उतरली. एकतीस वर्षं बंद ठेवलेला आवाज, गंजलेला, मोठा.

मास्तर दचकले. त्यांचा चेहरा वेदनेने वाकडा झाला. झटका आला तेव्हाही एवढा झाला नव्हता. आत्याने पुन्हा सुरू केलं. शेवटच्या चढावर ती पुन्हा घसरणार, तोच त्यांचा डावा हात वर उठला, आणि त्यांनी तिच्या आवाजावर आपला आवाज घातला. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, स्वच्छ, शब्दासकट: "मला इथंच राहायचंय!"

"म्हणाला!" दादा ओरडले. वहिनी सुनेच्या गळ्यात पडल्या. "देवाची स्तुती असो, म्हणाला!"

पुतण्याचेही डोळे भरले होते. पण तो सरळ माणूस होता, आणि सरळ माणसाला आनंदातही शंका येते. "दादा, रागावू नका," तो दादांना म्हणाला. "पण त्यांनी इच्छा सांगितली की नुसतं गाणं सुधारलं? आत्यांनी काहीही चुकीचं गायलं तरी ते सुधारतील. आख्खं आयुष्य त्यांनी दुसरं काय केलंय?"

"हे काय बोलणं झालं?" वहिनी फिरल्या.

"आत्यांनी त्याच चालीत गावं, मला इथून जायचंय. ते त्यांनी सुधारलं, तर मग आपल्याला काहीच कळलेलं नाही."

"मुळीच नाही," दादा म्हणाले. "ही परीक्षा आहे. देवाची परीक्षा पाहू नये."

सुनेने मान खाली घातली. तिला पुतण्याचं म्हणणं पटलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. आत्याने मास्तरांकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि वहिनींनी पाठिंबाही दिला असता. पण एकदा तिने या माणसाच्या वतीने, त्याला न विचारता, एक कागद पाठवला होता. आता पुन्हा त्याच्या वतीने ठरवायचं नव्हतं. त्याला काय हवं ते त्यालाच ठरवू द्यायचं, मग काहीही होवो.

"देवाची नाही, माझी परीक्षा आहे ही," ती दादांना म्हणाली. "मला गाऊ द्या." मनात तिने एवढंच म्हटलं, प्रभू, मला याहून चांगलं किंवा वाईट गाता येणार नाही, तेव्हा पुढचं तू बघ.

मला इथून जायचंय.

पहिल्याच सुराला मास्तरांचा खांदा आक्रसला. दुसऱ्याला डावा हात गुडघ्यावरून उठला. आठ दिवस ती चाल त्यांच्या कानात घातलेली होती, बरोबर कशी ते त्यांच्या हाडांत बसलं होतं, आणि समोर ती कोणी चारचौघांत तुडवत होतं. ओठ उघडले. आत्या त्या शेवटच्या चढाकडे निघाली आणि चढली नाही, आपल्या पद्धतीने खाली पडली, आणि मास्तरांनी उठलेला डावा हात स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला.

पुतण्या एक पाऊल पुढे आला.

"पुन्हा," पुतण्या कुजबुजला.

आत्याने पुन्हा गायलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. डोळे घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, हाताखाली गालाचा स्नायू उडत होता. चुकलेला सूर तिने लांबवला, कारण तिला तो आवडला होता. मास्तरांनी तो आख्खा ऐकून घेतला. चाळीस वर्षांत त्यांनी एकही खोटा सूर पुढे जाऊ दिला नव्हता. बिशपसाहेबांचासुद्धा त्यांनी भर उपासनेत थांबवला होता. हा जाऊ दिला.

पुतण्याने कागद दोनदा फाडले. दुसऱ्यांदा फाडण्याची गरज नव्हती, पण तो शब्दाचा पक्का होता. मग तो काकांच्या पायाशी बसला आणि त्यांचे नवे बूट उगाचच पुन्हा नीट करू लागला.

आत्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "एवढं कष्टाने गप्प बसलास होय रे," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

मास्तरांनी तोंडावरचा हात काढला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पुतण्याच्या बंद पिशवीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि आता काही धोका नाही अशी खात्री झाल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी सबंध चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर गाऊन दाखवली, मध्ये एकही शब्द न घेता, आणि शेवटच्या चढावर बोट वर करून तिची वाट बघत थांबले.

आत्या चढली. चुकीचीच चढली, पण या वेळी निदान वरच्या दिशेने.